पाऊण बोटीनं

“हे मी घालायचं?”

इंदूनं ती पांढरी अर्धी चड्डी चिमटीत धरून वर उचलली. बोट-हाउसच्या मागच्या खोलीत आम्ही पाचजणी दाटीवाटीनं उभ्या होतो. बाहेर घाटावर लाउडस्पीकर खरखरायला लागला होता.

“कमीज घालून बसलीस तर काय होतं ते बुधवारी बघितलंस ना?” मी म्हटलं.

बुधवारी तिच्या कमीजचा घेर सरकत्या बैठकीच्या चाकात अडकला होता आणि बोट उलटता उलटता राहिली होती.

“बघितलं. पण बाहेर दोन-तीन हजार माणूस आहे गं, विनया.”

“त्यात तुमच्या गावचं, बोरजाईचं कोण आहे?”

तिनं जरा विचार केला. “कोण नसंल.”

“मग झालं तर.”

मेबलनं आपल्या भावाच्या चड्ड्या आणल्या होत्या. इंदूनं पाठ फिरवून ती चढवली, नाडी दोनदा आवळली, केस घट्ट बांधले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “घरी कळलं तर माझं कॉलेज संपलं. एवढं ध्यानात ठेव.”

मी ‘हो’ म्हटलं. हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी विचारलं असतं, तर ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय मला उरली नव्हती.

त्र्याऐंशी सालचा जानेवारी होता. कृष्णेच्या अलीकडच्या काठावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आणि पलीकडच्या काठावर शेतकी कॉलेज. खालच्या बंधाऱ्याला फळ्या लावल्या की पाणी अडून नदी तळ्यासारखी संथ व्हायची, आणि मग दर वर्षी या दोन कॉलेजांत चार वल्ह्यांच्या बोटींची शर्यत व्हायची. पुलापासून घाटापर्यंत, आठशे मीटर. जिंकेल त्याला चिंचणीकर ढाल. एकोणपन्नास सालापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. पुरानं बोट-हाउस धुऊन नेलं त्या वर्षीसुद्धा भोयांच्या मासेमारीच्या नावा मागून आणून शर्यत झाली होती. हा सगळा इतिहास आम्हाला गणपामामांकडून कळला. ते बोट-हाउसचे राखणदार. कुठल्या साली कोण किती फरकानं हरलं हे त्यांना तोंडपाठ. भिंतीवर एक लांबलचक लाकडी फळा होता. त्यावर सालं आणि जिंकलेल्या चमूची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली. तीन-चार सालांची नावं मामांनी स्वतःच रंगवली होती, त्यामुळे त्यांत ‘श’ उलटा होता.

त्या फळ्यावर बाईचं नाव नव्हतं. असणार कुठून? अख्ख्या कॉलेजात आम्ही अकरा मुली.

आठ महिन्यांपूर्वी मी पी.टी.च्या सरांकडे गेले, तेव्हा ते हसले होते. “तुम्ही नाट्यवाचन घ्या ना,” म्हणाले. गणपामामांनी ते ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला हाक मारली.

“जुनी बोट पडून हाय. पाण्यात ऱ्हायली की लाकूड बरं ऱ्हातंय, फळीवर वाळलं की फाटतंय. कोण वल्हवणार आसंल तर न्या. पोरं यायच्या आधी, पहाटं.”

मग मी माणसं गोळा करत सुटले. शकीला मुल्ला, मेबल सातपुते, रजनी ढेंबरे. चौथी मिळेना. इंदुमती खराडेला मी सगळ्यात शेवटी विचारलं, कारण ती मेसमध्येसुद्धा मान वर करून बघायची नाही. गावातून इंजिनिअरिंगला आलेली पहिली मुलगी. मास्तरांनी तिच्या वडिलांचे पाय धरले म्हणून आलेली, असं सगळ्याजणी म्हणायच्या.

“वल्हवायचं?” ती म्हणाली. “काहीलीतनं येतं मला.”

“कशातनं?”

“काहील. गूळ करायची कढई असती बघ, ही एवढी मोठी. पावसाळ्यात आमच्या ओढ्याला पाणी आलं की त्यात बसून शाळंला जायाचो. धाकट्या भावंडांना मीच न्यायची.”

गोल कढई सरळ नेणं किती अवघड असतं, ते पहिल्या दिवशी तिला बोटीत बसवलं तेव्हा आम्हाला कळलं. तिच्या हाताला पाण्याची ओढ वल्हं बुडवायच्या आतच समजायची. मामांनी तिला स्ट्रोकच्या बैठकीवर बसवलं. चौघींनी कुठल्या गतीनं ओढायचं ते स्ट्रोक ठरवते, बाकीच्या तिच्यामागून. मी एक्केचाळीस किलोची, त्यामुळे सुकाणूवर. वल्हवणाऱ्यांची पाठ पुढं असते, त्यांना कुठं जातोय ते दिसत नाही. ते एकट्या सुकाणूवालीला दिसतं. ती बोटीच्या शेपटाशी बसते, स्ट्रोकच्या अगदी समोर. आठ महिने रोज पहाटे दीड हातावरून मी इंदूचा चेहरा बघितला. बहिणीचासुद्धा मी इतका बघितलेला नाही.

वर मान न करणारी ती मुलगी बोटीत बसली की नजर माझ्या डोळ्यांवरून हलवायची नाही.

डिसेंबरात शेतकी कॉलेजातही मुलींची बोट निघाली. दोन्ही प्राचार्यांनी मोठ्या मनानं ठरवलं, की मुलांच्या शर्यतीआधी दोन्हीकडच्या मुली ‘प्रात्यक्षिक’ करतील. पुलापासून घाटापर्यंत शेजारी शेजारी, सावकाश यायचं आणि पाहुण्यांना अभिवादन करायचं. मी नावेनं पलीकडे गेले आणि त्यांच्या सुकाणूवालीला, कुंदा थोरबोलेला, भेटले.

“तुम्ही प्रात्यक्षिक करणार?” मी विचारलं.

“तुम्ही?”

“आम्ही शर्यत करणार.”

ती इतकी हसली, की तिच्या हातातला उसाचा करवा खाली पडला. “मग आम्ही काय अभिवादन करत बसू होय? रुमाल कोण टाकणार?”

“गणपामामा.”

“ठरलं.”

तर त्या दिवशी सकाळी साडेनऊला पुलाखाली दोन्ही बोटी शेजारी शेजारी, टोकं एका रेषेत धरून उभ्या राहिल्या. मामा नावेत उभे होते. लाउडस्पीकरवर कुणीतरी सांगत होतं, “आता आपल्या विद्यार्थिनी भगिनी नौकानयनाचं प्रात्यक्षिक...” तेवढ्यात मामांनी रुमाल टाकला.

“ओढ!” मी ओरडले.

पहिले शंभर मीटर आम्ही पुढं होतो. घाटावरची माणसं आधी टाळ्या वाजवत होती, मग त्या थांबल्या. लोकांना कळेना की हे काय चाललंय. मग मुलांच्या घोळक्यातून एक आरोळी उठली, “अरे, शर्यत लावलीय यांनी!” आणि सगळा काठ उभा राहिला.

निम्म्यावर रजनीचं वल्हं अडकलं. पातं आडवं पडून पाण्यानं धरलं, दांडा तिच्या पोटात बसला आणि बोट एकदम जड झाली. “सोड! वरून काढ!” मी ओरडत होते. तिनं ते काढेपर्यंत कुंदाची बोट सळसळत पुढं गेली.

“किती?” इंदूनं विचारलं. शर्यतीत स्ट्रोक बोलत नाही. ती बोलली.

“एक बोट मागं.”

“वाढवू?”

मी मागच्या तिघींचे चेहरे बघितले. शकीलाचा ओठ फुटला होता. रजनी रडत होती आणि रडत रडत ओढत होती.

“वाढव,” मी म्हटलं.

तिनं वाढवलं. ते कसं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. तिचे खांदे पुढं यायचे, तिचा श्वास माझ्या गुडघ्यांना लागायचा, आणि दर ओढीला माझ्या पाठीखालून बोट निसटून पुढं पळायची. कुंदाचं सुकाणू दिसलं, मग कुंदाची वेणी, मग तिच्या चारही मुली एकेक करून मागं गेल्या. घाटावरचं निशाण माझ्या डोक्यावरून सरकलं, तेव्हा आम्ही पाऊण बोट पुढं होतो.

इंदू वल्ह्यावर पालथी पडली आणि हसायला लागली. तिला मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी वळून बघितलं, तर लांब पुलाखाली गणपामामा नावेत दोन्ही हात वर करून नाचत होते.

लाउडस्पीकर खरखरला. “दोन्ही महाविद्यालयांच्या विद्यार्थिनींनी अतिशय मोहक प्रात्यक्षिक सादर केलं. आता आपण मुख्य शर्यतीकडे वळू या.”

बस्स. कोण जिंकलं, कोण हरलं, काही नाही.

आम्ही बोट खांद्यावर घेऊन घाट चढलो, तेव्हा एका फोटोग्राफरनं फोटो काढला. सगळ्यांत पुढं इंदू होती, भिजलेली. ती आत गेली. मी मात्र बाहेरच थांबले. माझ्या डोक्याचा नुसता भडका उडाला होता. फोटोग्राफरबरोबर वर्तमानपत्राचा एक माणूस होता, खांद्याला शबनम, हातात वही. तो फोटोग्राफरला म्हणत होता, “प्रात्यक्षिकाचा एक घे, पुरे. मुलांचे जास्त घे.”

“प्रात्यक्षिक नव्हतं ते,” मी म्हटलं. “शर्यत होती. आम्ही पाऊण बोटीनं जिंकलो. लिहा.”

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “बरं. नावं सांगा.”

मी सांगितली. एक, दोन, तीन. तो लिहीत होता. मला तो फळा दिसत होता. कॉलेज लिहिणार नाही तर पेपरात तरी छापून येऊ दे, एवढंच डोक्यात होतं.

“आणि ती पुढची? उंच?”

“स्ट्रोक. इंदुमती खराडे.”

“शहरातलीच असणार,” तो म्हणाला. “शहरातल्या मुलींनाच हे असलं सुचतं.”

“शहरातली नाही!” मी म्हटलं. “बोरजाईची आहे. आबासाहेब खराड्यांची मुलगी. काहीलीतून शाळेला जायची. हे लिहा. तिच्यामुळेच जिंकलो.”

त्यानं लिहिलं. मला इतकं बरं वाटलं!

आत गेले तेव्हा इंदू पुन्हा सलवार-कमीज घालून, ओढणी पिनेनं लावून, सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटत होती. मी तिला काही सांगितलं नाही. तिनं सकाळी काय ध्यानात ठेवायला सांगितलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. खरंच, तेव्हा आठवलं. लगेच मागं वळून त्या माणसाला गाठायला हवं होतं. मी दारापर्यंत गेलेही. मुलांची शर्यत सुरू झाली होती, गर्दी उसळली होती, तो दिसला नाही. मी मनाला समजावलं, की आतल्या पानावर दोन ओळी येतील, बोरजाईला पेपर कोण वाचतो?

मंगळवारी पहिल्या पानावर फोटो आला. मेसमध्ये एका मुलीनं तो आणून टेबलावर पसरला. खाली लिहिलं होतं, की बोरजाईच्या आबासाहेब खराडे यांची कन्या इंदुमती हिच्या चमूनं अर्ध्या बोटीच्या अंतरानं शर्यत जिंकली. इंदूनं पेपर हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग घडी घालून काखेत धरून खोलीत निघून गेली. तिच्या मनात काय होतं ते मला चेहऱ्यावरून समजेना.

“नाव कुणी दिलं?” शकीलानं विचारलं.

“मामांनी दिलं असणार,” रजनी म्हणाली. “त्यांच्या अंगात आलं होतं नुसतं.”

मी पानातला भात कालवत राहिले.

गुरुवारी दुपारी तिचा थोरला भाऊ आला. मी त्याच्या आरडाओरड्याची तयारी ठेवली होती. पण तो रेक्टरबाईंच्या खोलीत खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. समोरचा चहा तसाच. मी आत गेले आणि म्हणाले, “दादा, तिनं काहीच वाईट केलं नाही हो. कॉलेजचाच कार्यक्रम होता.”

“ताई, तुमचा काय दोष न्हाई,” तो अगदी हळू म्हणाला. “कऱ्हाडकडचं स्थळ ठरत आलं हुतं. त्या लोकांनी पेपर दावला आबांना. आबा दोन दिस जेवलं न्हाईत. मी काय करू, तुम्हीच सांगा.”

मी तिथून निघून वर गेले.

इंदू खोलीत ट्रंक भरत होती. पुस्तकं तिनं बाहेरच ठेवली होती, लायब्ररीची वेगळी, स्वतःची वेगळी. “माझी रजनीला दे,” म्हणाली. “तिला विकत घेणं जड जातं.”

“इंदू, मला तुला एक सांगायचंय.”

“ट्रंकेची ती बाजू धर. कडी बसत नाही.”

“इंदू, ऐक ना...”

“धर म्हटलं ना, विनया.”

मी धरली. कडी बसली. भाऊ आला, ट्रंक खांद्यावर घेतली. ती त्याच्यामागून खाली मान घालून गेली. तिसऱ्या वर्षाची परीक्षा दोन महिन्यांवर होती.

मुलींच्या शर्यतीला कॉलेजांनी मान्यता दिली ती एकोणनव्वद साली. तिला वेगळी ढाल ठेवली. सुवर्णमहोत्सवाच्या अंकात मुलींची पहिली शर्यत म्हणून तेच साल छापलं आहे. कुंदानं मला फोन करून शिव्या दिल्या, की तू पत्र लिही, आपण त्र्याऐंशीत केली होती. मी लिहिलं नाही. का लिहिलं नाही ते तिलाही सांगितलं नाही.

कारण त्याआधी, चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये, शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी इंदूकडे जाऊन आले होते. लग्नाला वर्ष झालं होतं. पत्ता तिच्या मास्तरांकडून मिळवला. एस.टी.नं तीन तास, मग पायी. मोठं घर होतं, दारात ट्रॅक्टर. ती सोप्यात बसून तांदूळ निवडत होती, शेजारी झोळीत बाळ. मला बघून ताट बाजूला सारून ती ताडकन उभी राहिली.

“कोण गं?” आतून सासूबाई आल्या.

“हॉस्टेलवरची ओळखीची हाय, आत्या.”

“बसा की, बाई.” सासूबाई खरंच चांगल्या होत्या. चहा केला, पोहे केले. मग सहज म्हणाल्या, “तुम्ही बी त्या होडीत हुता व्हय? पेपरात आलेलं? आमच्या हिला इचारलं तर म्हंती, तो फोटू माझा न्हवंच.”

मी इंदूकडे बघितलं. ती बाळाची झोळी हलवत होती.

“दुसरी होती ती, आत्या,” ती म्हणाली. “मला तर पाण्याची भ्याच वाटती.”

“हो,” मी म्हटलं. “दुसरी होती.”

साडेचारची गाडी होती. ती बाळाला कडेवर घेऊन मला फाट्यापर्यंत सोडायला आली. बाभळीखाली आम्ही उभ्या राहिलो. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“नाव तू दिलंस ना?” तिनं विचारलं.

“हो.”

“मला तवाच कळलं. आबांचं नाव बाकीच्यांना माहीतच नव्हतं.”

दीड वर्ष मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. मी रडायला लागले तेव्हा तिनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं माझी पाठ थोपटली.

“पेपर बघितला ना, विनया, तवा आधी मला काय वाटलं सांगू? खोलीत जाऊन दार लावलं आणि पाच-सहा वेळा वाचला. माझं नाव, आबांचं नाव, गावाचं नाव. इतका आनंद झाला होता, की बाकीचं काही ध्यानातच आलं नाही. मग जिन्यात कुणीतरी बोललं आणि ध्यानात आलं.”

लांबून गाडीचा आवाज आला.

“त्यांनी अर्धी बोट लिहिलं होतं,” ती घाईनं म्हणाली. “पण अर्धी नव्हती. त्यांच्या बोटीचं टोक माझ्या बैठकीच्या बरोबरीला होतं. मला डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसत होतं.”

“पाऊण होती. मी त्याला पाऊणच सांगितली होती.”

“व्हय ना?” ती म्हणाली. “मला वाटलंच.”

गाडी थांबली. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. मी पायरीवर चढले तेव्हा तिनं माझा हात धरला.

“आता परत येऊ नको, विनया.”

“राग आहे ना माझा?”

“राग कसला? सकाळी तू दारात दिसलीस ना, तवा मला वाटलं, तू मला न्यायला आलीस.”

कंडक्टरनं घंटी मारली. मी पायरीवरच उभी होते, तो म्हणाला, “ताई, आत सरका.” मी आत सरकले, तिकीट काढलं आणि खिडकीशी गेले. ती फाट्यावर थांबली नव्हती. बाळाच्या डोक्यावर पदर धरून घराकडे भराभर चालली होती.

मी परत गेले नाही.